ऑफिसमधले जुने वायरलेस एपी (ॲक्सेस पॉइंट, छताला लावलेले वाय-फायचे डबे) बदलायचेत, एकास एक काढून लावले तर चालतं का?

मजला_सहा

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, वेळ काढून वाचा प्लीज. आमच्याकडे एकूण १४६ एपी आहेत, सहा मजल्यांवर प्रत्येकी २२ आणि बाजूच्या गोदामात १४. सगळे सिस्को २६०२, म्हणजे ८०२.११एन वाले, आणि त्या सगळ्यांना सांभाळणारा कंट्रोलर ५५०८, त्यावर सॉफ्टवेअरची ८.५ आवृत्ती चालू आहे. इतकी वर्षं काम केलं बिचाऱ्यांनी, पण आता सपोर्ट संपलाय, पॅच येत नाहीत आणि व्हिडिओ मीटिंगच्या वेळी लोक रोज तक्रार करतात. शेवटी मंजुरी मिळाली, नवीन वाय-फाय ६ई चे (६ गिगाहर्ट्झचा बँडही वापरणारे) एपी आणि ९८०० कंट्रोलर येतोय.

वरून सांगितलंय की एका शनिवार-रविवारात जुने काढा, त्याच जागी त्याच केबलला नवे लावा आणि सोमवारी सकाळी सगळं चालू पाहिजे. मला हे पटत नाहीये पण नेमकं काय अडेल ते धड सांगताही येत नाहीये. माझे प्रश्न असे, एक म्हणजे एकास एक बदलणं बरोबर आहे का, दुसरं म्हणजे काही दिवस जुने-नवे एकत्र ठेवता येतील का, तिसरं म्हणजे स्विच तेच ठेवायचेत (४८ पोर्टचे, गिगाबिट, पीओई प्लस म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देणारे) तर चालेल ना? आणि गोदामात जुने हातातले स्कॅनर आहेत त्यांचं काय होईल याची खरी भीती वाटते. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, मी पहिल्यांदाच एवढं मोठं काम अंगावर घेतोय.

पॅचपॅनल

दादा, पहिले स्विचकडे बघा, एपी नंतर. "पीओई प्लस आहे" एवढं पुरत नाही, पोर्टला ३० वॅट देता येतात म्हणजे सगळ्या पोर्टना एकाच वेळी देता येतात असं नाही. स्विचचं एकूण पीओई बजेट किती आहे ते बघा. ४८ पोर्टचे बरेच स्विच ३७० वॅटचे असतात, त्यात ३० वॅट घेणारी फक्त १२ उपकरणं बसतात. २६०२ हा ८०२.३एएफ वर म्हणजे १५.४ वॅटवर पूर्ण चालतो, नवीन ६ई वाल्यात तीन रेडिओ आहेत, त्याला ८०२.३एटी म्हणजे ३० वॅट लागतात. थेट दुप्पट झालं.

एका मजल्यावरच्या स्विचवर शो पॉवर इनलाईन ही कमांड मारा आणि वरचे तीन आकडे इथे टाका, उपलब्ध किती, वापर किती, शिल्लक किती. त्या स्विचवर अजून काय लटकलंय तेही सांगा, फोन, कॅमेरे वगैरे.

मजला_सहा

@पॅचपॅनल धन्यवाद, लगेच बघितलं. प्रत्येक मजल्यावर दोन स्विच आहेत, दोन्हीवर जवळपास सारखंच आहे. एका स्विचवर ११ एपी आणि २४ टेबलावरचे फोन. उपलब्ध ३७०.०, वापर ३३७.४, शिल्लक ३२.६. फोनला प्रत्येकी ७ वॅट दाखवतोय, एपीला १५.४.

पॅचपॅनल

बघा, इथेच उत्तर आलं. एक जुना काढून नवा लावला की १४.६ वॅट जास्त लागणार. पहिला लावलात, शिल्लक १८.०. दुसरा लावलात, शिल्लक ३.४. तिसऱ्याला पूर्ण वीज नाही. मग एकतर पोर्ट वीज द्यायला नकार देईल नाहीतर एपी कमी विजेवर उठेल आणि रेडिओ आटवून बसेल, आणि हे दुसरं जास्त वाईट कारण एपी कंट्रोलरवर हिरवा दिसतो, सगळं आलबेल वाटतं, आणि लोक मात्र स्लो आहे स्लो आहे म्हणत राहतात. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, मी दोन दिवस चॅनल बदलत बसलो आणि शेवटी एपीच्या पानावर पॉवर मोडच्या पुढे लो लिहिलेलं दिसलं, तोवर त्या मजल्यावरच्या लोकांचा नव्या वायरलेसवरचा विश्वास पार उडाला होता.

तुमचा हिशेब, ११ गुणिले ३० म्हणजे ३३०, अधिक फोनचे १६८, एकूण ४९८. ३७० मध्ये बसत नाही. प्रत्यक्षात एपी सतत ३० खात नाही हे खरं, पण स्विच मागणीप्रमाणे वीज राखून ठेवतो, वापरली किती ते नंतर.

एक_रॅक_दोन_स्विच

यावर एक सुचवू का, मजल्याला एकच नवीन ७४० वॅटचा ४८ पोर्ट स्विच घ्या. सगळेच्या सगळे २२ एपी त्यावर टाकले तर ६६० होतात, म्हणजे बसतात, पण तसं करू नका!! तो एक स्विच गेला की अख्खा मजला बिनावायरलेस. त्यापेक्षा असं करा, नव्या स्विचवर ११ एपी आणि २४ फोन (४९८), जुन्या एकावर फक्त उरलेले ११ एपी (३३०, ३७० मध्ये बसतंय), आणि दुसऱ्या जुन्यावर उरलेले २४ फोन (१६८). आणि एपी वाटताना एकाआड एक वाटा, म्हणजे शेजारशेजारचे दोन एपी कधी एकाच स्विचवर नकोत, मग एक स्विच पडला तरी मजल्यावर ठिपक्याठिपक्याने कव्हरेज राहतं, लोकांना हळू वाटेल पण बंद पडणार नाही.

आणि हो, जुन्या स्विचवर एलएलडीपी किंवा सीडीपी (ज्यातून एपी स्विचकडे जास्त वीज मागतो) चालू आहे ना ते बघून घ्या, काही ठिकाणी कोणीतरी पूर्वी बंद करून ठेवलेलं असतं आणि मग एपीला १५.४ च्या वर मागताच येत नाही.

सिग्नलताई

स्विचचं झालं, आता मी तुमच्या पहिल्या प्रश्नावर येते कारण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकास एक बदलणं म्हणजे जुन्या डिझाईनवर डोळे झाकून विश्वास ठेवणं. तुमचे एपी ज्या काळात लागले तेव्हा बहुतेक ठिकाणी २.४ गिगाहर्ट्झचं कव्हरेज डोक्यात ठेवून जागा ठरवल्या जायच्या. माझा अंदाज आहे की तुमचे निम्मे एपी पॅसेजमध्ये रांगेत आहेत, बरोबर ना? पॅसेजमधले एपी एकमेकांना लांबपर्यंत स्वच्छ ऐकतात आणि माणसं बसतात ती खोल्यांमध्ये, भिंतीपलीकडे. म्हणजे जिथे सिग्नल नको तिथे भरपूर आणि जिथे हवा तिथे भिंतीतून गाळून आलेला.

६ गिगाहर्ट्झ ५ पेक्षा मोकळ्या हवेत साधारण दीड डेसिबलने जास्त विरतो, हा फरक तसा मोठा नाही, भिंती आणि काचा मात्र जास्त खातात. त्यामुळे ५ वर जेमतेम उणे ६७ डीबीएम मिळत असेल तिथे ६ कडून फार अपेक्षा ठेवू नका. एक नवीन एपी स्टँडवर लावा, जिथे लावायचा विचार आहे तिथे छताच्या उंचीला उभा करा, आणि खोलीत, दार लावून, माणसाच्या टेबलापाशी बसून मोजा. एका मजल्याला एक दिवस जातो. तो दिवस वाचवायला जाऊ नका. कदाचित २२ पैकी १५-१७ जागा तशाच राहतील आणि ५-७ पॅसेजमधून खोलीत सरकवाव्या लागतील, पण कुठल्या ते मोजल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

अजून एक, ५ वर ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा मोह होईल, मजल्यावर २२ एपी आणि वर-खाली अजून तेवढेच असताना तो टाळा. ४० ठेवा, फार दाटी असेल तर २०. ६ मध्ये जागा जास्त आहे पण ती देशादेशात वेगळी आहे, कुठे पूर्ण १२०० मेगाहर्ट्झ खुला आहे तर कुठे फक्त खालचा ५०० च्या आसपासचा पट्टा, ते आधी बघून मग रुंदी ठरवा. आणि २.४ चे सगळे रेडिओ चालू ठेवू नका, एकमेकांवर न चढणारी तीनच चॅनल आहेत तिथे, १, ६ आणि ११, २२ रेडिओ एकमेकांच्या बोलण्यात बोलत बसतील.

मजला_सहा

ताई तुम्ही बरोबर ओळखलंत, २२ पैकी १३ पॅसेजमध्ये आहेत. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग जुने-नवे मिसळण्याचं काय? मला वाटत होतं आधी एकाआड एक नवे लावावेत म्हणजे सगळ्यांना थोडा थोडा फायदा होईल.

कॅपवॅप५२४६

एकाआड एक अजिबात नको, हे कळकळीने सांगतोय. तुमच्या केसमध्ये कारण अगदी ठोस आहे. २६०२ हा ९८०० वर चालतच नाही, ११एन वाल्यांना तिथे जागा नाही. आणि तुमचा नवीन एपी ५५०८ वर येणार नाही, ५५०८ ची गाडी ८.५ ला थांबली. म्हणजे दोन्ही कंट्रोलर काही काळ समांतर चालवावेच लागणार, जुने जुन्यावर, नवे नव्यावर. आता एकाआड एक लावलेत तर माणूस टेबलापासून मीटिंग रूमपर्यंत चालत जाताना तीनदा कंट्रोलर बदलणार.

दोन कंट्रोलरमध्ये मोबिलिटी टनेल (लोकांची ये-जा सांभाळणारा दुवा) बांधता येतो, त्यासाठी ५५०८ वर ८.५ ची खास आयआरसीएम वाली इमेज म्हणजे सॉफ्टवेअरची फाईल लागते. पण टनेल असला तरी या दोघांमधलं रोमिंग नेहमी लेयर ३ सारखं म्हणजे वेगळ्या नेटवर्कमध्ये गेल्यासारखं होतं, व्हीलॅन (स्विचवरचा वेगळा पाडलेला नेटवर्कचा भाग) तोच असला तरीसुद्धा, क्लायंट म्हणजे जोडलेला लॅपटॉप किंवा फोन पहिल्या कंट्रोलरला बांधलेलाच राहतो आणि त्याचा ट्रॅफिक टनेलमधून फिरून येतो. चालतं, पण कोणी तक्रार केली की शोधायला अवघड.

आणि ती इमेज चढवायच्या आधी दहा वेळा विचार करा. सिस्कोच्या आयओएसवर चालणाऱ्या जुन्या एपींच्या इमेजवर ज्या सर्टिफिकेटने सही आहे त्याची मुदत ४ डिसेंबर २०२२ ला संपली, यावर सिस्कोची फील्ड नोटीससुद्धा निघालेली आहे. आता कंट्रोलरची इमेज बदललीत तर जुने एपी डाउनलोडिंगमध्ये अडकून बसू शकतात, मग एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) बंद करून कंट्रोलरचं घड्याळ त्या तारखेच्या मागे नेणं असे उद्योग करावे लागतात. जे एपी महिन्याभरात काढून टाकायचेत त्यांच्यासाठी हे कशाला अंगावर घ्यायचं? माझं स्पष्ट मत, टनेल बांधूच नका. एक मजला पूर्ण एका कंट्रोलरवर ठेवा. माणूस जिन्याने किंवा लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर गेला की कनेक्शन काही सेकंद तुटेल, नवीन आयपी घेईल, एवढंच. महिनाभर लोक हे सहन करतात, आधी मेल टाकून सांगितलं तर नक्कीच करतात.

याच्याच जोडीला, जुने एपी उगाच रीबूट करू नका. कारखान्यात त्यांच्यात जे सर्टिफिकेट घातलेलं असतं ते दहा वर्षांचं, ते संपलं असेल तर परत जॉईन होताना कंट्रोलर दारातून परत पाठवतो. ८.५ मध्ये ही मुदत दुर्लक्षित करायचं सेटिंग आहे, ते आजच तपासा. विशेषतः स्विच बदलताना, कारण तेव्हा सगळ्यांची वीज जाणारच आहे.

पॅचपॅनल

@कॅपवॅप५२४६ शंभर टक्के सहमत, विशेषतः शेवटच्या मुद्द्याशी.

@मजला_सहा नवीन एपींसाठी वेगळा मॅनेजमेंट व्हीलॅन आणि वेगळा डीएचसीपी स्कोप (आयपी वाटायचा पट्टा) करा, त्या स्कोपमध्ये ऑप्शन ४३ ला, म्हणजे एपीला कंट्रोलर कुठे ते सांगणाऱ्या नोंदीत, फक्त ९८०० चा पत्ता. एकाच स्कोपमध्ये दोघं ठेवलेत तर नवा एपी जुन्या कंट्रोलरचं दार वाजवत बसतो. ऑप्शन ४३ चं हेक्स लोक नेहमी चुकवतात म्हणून लिहितो. सुरुवात एफ१, मग लांबी, एक कंट्रोलर असेल तर ०४, दोन असतील तर ०८, मग आयपी हेक्समध्ये. समजा कंट्रोलर १९२.१६८.१०.५ आहे तर १९२ म्हणजे सी०, १६८ म्हणजे ए८, १० म्हणजे ०ए, ५ म्हणजे ०५. सगळं जोडून एफ१०४सी०ए८०ए०५. त्या दहाचं ०ए लिहिताना लोक नुसतं ए लिहितात आणि मग अर्धा दिवस एपी का येत नाही ते शोधतात. मध्ये फायरवॉल असेल तर यूडीपी ५२४६ आणि ५२४७ उघडे हवेत.

गोदाम_आणि_गन

स्कॅनरबद्दल मी लिहितो, माझं रोजचं काम तेच आहे. तुमची भीती खरी आहे पण उपाय आहेत.

६ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए२ ही वाय-फायची जुनी सुरक्षा चालतच नाही, तिथे डब्ल्यूपीए३ किंवा ओडब्ल्यूई (पासवर्डशिवायचं एन्क्रिप्शन), दुसरा पर्याय नाही, अर्धं-अर्धं ट्रान्झिशन मोडही नाही. म्हणून काही जण एकच एसएसआयडी (वाय-फायचं नाव) तिन्ही बँडवर हवा म्हणून सगळीकडे डब्ल्यूपीए३ करून टाकतात आणि सकाळी पहिल्या पाळीला एकही स्कॅनर जोडला जात नाही. मी हे डोळ्यांनी बघितलंय, माल भरायला गाड्या रांगेत उभ्या आणि मुलं कागदावर नंबर उतरवतायत. त्या मुलांचं काय चुकलं होतं सांगा, शिव्या मात्र त्यांनी खाल्ल्या.

स्कॅनरसाठी वेगळा एसएसआयडी ठेवा, डब्ल्यूपीए२, ६ वर बंद, फास्ट ट्रान्झिशन म्हणजे ११आर (एका एपीवरून दुसऱ्यावर झटपट जायची सोय) बंद. ९८०० वर त्या एका एसएसआयडीपुरतं ११एएक्स म्हणजे वाय-फाय ६ सुद्धा बंद ठेवता येतं, ते ठेवा, कारण काही जुने वाय-फाय ड्रायव्हर ११एएक्सचा बीकन (एपी आपली ओळख सांगत राहतो तो संदेश) बघून गोंधळतात आणि नेटवर्क यादीत दाखवतच नाहीत. हे काही जुन्या लॅपटॉपनाही लागू आहे, त्यांचे ड्रायव्हर आधीच अपडेट करून घ्या. आणि ऑफिसमध्ये कमीत कमी रेट १२ एमबीपीएस करतात तसं गोदामात करण्याआधी एकेका मॉडेलचा एक एक स्कॅनर हातात घेऊन तपासा, फार जुना असेल तर त्याला ११बी चे रेट लागू शकतात.

आणि गोदामाचा सर्वे रॅक रिकामे असताना करू नका, माल भरलेला असताना करा. पाण्याचे, तेलाचे, पातळ पदार्थांचे खोके सिग्नल गिळतात. रिकाम्या गोदामात सुंदर नकाशा येतो आणि माल आला की निम्म्या गल्ल्या अंधारात. माझा सल्ला, गोदाम सगळ्यात शेवटी.

एक_रॅक_दोन_स्विच

एक वाद उकरून काढतो. कोणीतरी येऊन सांगेल की सगळे स्विच २.५ गिग मल्टिगिगचे (एका गिगाबिटपेक्षा वेगाने चालणाऱ्या पोर्टचे) घ्या. माझं मत, साध्या ऑफिस मजल्यावर गरज नाही, ४० मेगाहर्ट्झवर एक एपी गिगाबिटच्या वर सतत जाताना मी तरी बघितला नाही. सभागृह, मोठी मीटिंग रूम अशा दोन-चार जागा सोडा.

सिग्नलताई

आजच्या पुरतं बरोबर आहे, पण हा स्विच रॅकमध्ये पुढची सात-आठ वर्षं राहणार. मजल्याला एक नवा घेणारच आहेत तर त्यात काही पोर्ट मल्टिगिग असलेला घ्यावा असं मला वाटतं. केबल बदलावी लागत नाही, ८०२.३बीझेड २०१६ मध्ये आलं ते मुळात जुन्या कॅट५ई वर शंभर मीटरपर्यंत २.५ गिग मिळावं म्हणूनच. केबल धड असेल तर.

पॅचपॅनल

"धड असेल तर" हेच. १०० मेगाबिटला केबलमधल्या तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एपी १०० वर जोडलेला असला तरी वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. काम सुरू करायच्या आधी सगळ्या १४६ पोर्टचा स्पीड बघा, जो १०० दाखवेल त्याची केबल किंवा जॅक गेलेला आहे असं समजून टीडीआर टेस्ट (केबल कुठे तुटली ते दाखवणारी) मारा. शिडीवर चढायच्या आधी कळलेलं बरं.

मजला_सहा

तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचे मनापासून आभार, तुमच्यामुळे मी वर जाऊन ठामपणे बोलू शकलो. ३३७.४ आणि ४९८ हे दोन आकडे कागदावर लिहून समोर ठेवले, तिसऱ्या एपीला वीज मिळणार नाही म्हटलं, तिथेच शनिवार-रविवारचा हट्ट सुटला. पॅच येत नाहीत याचं गांभीर्य विचारलं तेव्हा २०१७ चं क्रॅक आणि २०२१ चं फ्रॅगअटॅक्स या वाय-फायमधल्या सुरक्षा त्रुटींची उदाहरणं दिली, पुढे असं काही निघालं तर या एपींना दुरुस्ती मिळणार नाही एवढं सांगितलं, तेही पटलं.

सहावा मजला पायलट म्हणून केला. नवीन ७४० चा स्विच (आठ पोर्ट मल्टिगिग, ताईंचं ऐकलं), वाटणी सांगितली तशीच. पोर्ट तपासले तर अख्ख्या इमारतीत नऊ एपी १०० वर सापडले, त्यातले दोन सहाव्या मजल्यावर. एकाच्या केबलची जोडी छतातल्या पत्र्याच्या कडेला घासून तुटली होती, दुसऱ्याचा नुसता जॅक परत ठोकला. सर्वेमध्ये सहा जागा पॅसेजमधून खोल्यांमध्ये सरकल्या. मुदत दुर्लक्षित करायचं सेटिंग बंदच होतं!! ते आधी चालू केलं म्हणून स्विच बदलल्यावर बाकीचे जुने एपी मुकाट परत आले, नाहीतर काय झालं असतं विचार करवत नाही.

एक गोष्ट मात्र चुकली ती सांगतो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. मजल्यावर दोन प्रिंटर वायरलेसवर आहेत हे कोणाच्याच यादीत नव्हतं, ते ज्या कोपऱ्यात होते तिथला २.४ मी बंद केला होता. सोमवारी दुपारपर्यंत कळलं नाही. आता पाचव्या मजल्याआधी जुन्या कंट्रोलरवरून फक्त २.४ वर असलेल्या क्लायंटची यादी आठवडाभर रोज काढतोय, आत्तापर्यंत त्यात सात प्रिंटर, एक हजेरीचं मशीन आणि एक ओळख न पटलेलं उपकरण आलंय. ते उपकरण शोधायला उद्या लॅपटॉप घेऊन मजल्यावर फिरणार आहे.

गोदाम_आणि_गन

छान काम केलंत. ते ओळख न पटलेलं उपकरण कुठल्या एपीला जोडलंय आणि सिग्नल किती आहे ते आधी कंट्रोलरवर बघा, फिरायचा वेळ वाचेल. त्याच्या मॅक पत्त्याचे पहिले सहा आकडे शोधलेत तर बनवणारा कोण तेही कळेल. आणि गोदामाची वेळ आली की इथेच लिहा, स्कॅनरचं मॉडेल सांगा, रेटचं मी बघून सांगतो.